मुंबईत बदली झाली आहे, ऑफिस अंधेरी पूर्वेला. रोज स्वतःच्या गाडीने जाता येईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: साताऱ्याहून बदली झाली, ऑफिस अंधेरी पूर्वेला एमआयडीसीत. घरासाठी मुलुंड (मावशी तिथे राहते), गोरेगाव पश्चिम आणि कांदिवली पूर्व असे तीन पर्याय डोक्यात आहेत. नकाशावर कुठूनही पंधरा किलोमीटरच्या वर अंतर दिसत नाही, मग गाडीने अर्धा तास धरावा का? आणि रस्ते टीव्हीवर दाखवतात तेवढे खरंच वाईट आहेत का?

मी लिफ्ट दुरुस्तीचं काम करतो, एकवीस वर्षं झाली. दिवसाला चार-पाच बिल्डिंगा. सकाळी मरोळ, दुपारी मालाड, मधेच घाटकोपरहून फोन. बाइक आणि पाठीवर टूलबॅग. त्यामुळे रस्त्यांबद्दल मला जे कळतं ते पेपरात वाचून नाही, कंबरेतून वर आलेलं आहे. सासुरवाडी कोरेगावची, म्हणून तुमच्या साताऱ्याचा अंदाजही आहे. तुमच्याकडे पोवई नाका आहे, आमच्याकडे पवई. नावं सारखी वाटतात म्हणून फसू नका.

आधी अर्ध्या तासाचं. मुंबईत कोणालाही 'किती लांब आहे?' विचारा, तो किलोमीटर सांगणार नाही. तो उलट विचारेल, 'किती वाजता निघणार?' आणि जरा अनुभवी असेल तर दुसरा प्रश्न विचारेल, 'लाईन ओलांडायची आहे का?' लाईन म्हणजे रेल्वेचे रूळ. तुमच्या सगळ्या हिशोबात हाच प्रश्न राहून गेलाय.

मुंबई उभी आहे, आडवी नाही. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे गाडी सुरू झाली, पुढे पश्चिमेकडची लाईन आली आणि शहर या रुळांच्या कडेकडेने उत्तरेला वाढत गेलं. रस्तेही तसेच उभे: एस. व्ही. रोड, लिंक रोड, दोन द्रुतगती महामार्ग, एल. बी. एस. मार्ग. दहिसरहून वांद्र्याला जायला तीन वाटा सापडतील. पण ईस्टहून वेस्टला, म्हणजे रुळांच्या या बाजूहून त्या बाजूला, जायचं म्हटलं की वाटा मोजक्या, आणि प्रत्येक वाट कुठल्यातरी पुलावरून नाहीतर पुलाखालून जाते. त्यातला एक बंद पडला की त्याची गर्दी शेजारच्या दोघांच्या अंगावर येते, आणि ते दोघे आधीच भरलेले असतात.

अंधेरीनेच हे सगळ्या मुंबईला शिकवलं. स्टेशनच्या दक्षिणेला गोखले पूल आहे. ३ जुलै २०१८ ला सकाळी त्याच्या पादचारी मार्गाचा भाग रुळांवर कोसळला. पुढे पूल धोकादायक ठरला आणि ७ नोव्हेंबर २०२२ पासून पूर्ण बंद झाला. राहिला स्टेशनच्या उत्तरेचा अंधेरी सबवे, म्हणजे रुळांखालचा रस्ता, जो जोराच्या पावसात पाण्याने भरतो म्हणून बंद करतात. नाहीतर मग वळसा घालून पार्ल्याचा कॅप्टन गोरे पूल किंवा गोरेगावचा मृणालताई गोरे पूल.

२०२३ च्या जुलैतली गोष्ट. मी मरोळला होतो. डी. एन. नगरच्या एका जुन्या बिल्डिंगमधून फोन आला, लिफ्ट तिसऱ्या-चौथ्या मजल्याच्या मधोमध अडकली, आत एक आजी. हेल्पर पोराला म्हटलं, तू मेट्रोने हो पुढे, मी बाइकवरून आलोच. बाइकवाल्याला बाइक सोडवत नाही, काय करणार. हायवे ओलांडला तेव्हा कळलं, सबवे बंद. गोखले तर बंदच. सगळी अंधेरी पार्ल्याकडे वळलेली आणि रिक्षावाले इंजिन बंद करून हँडलवर हात ठेवून बसलेले. रिक्षावाल्याने इंजिन बंद केलं की समजायचं, त्याने आशा सोडली.

पाऊण तासात मी कसाबसा स्टेशनपर्यंत पोचलो. शेवटी ईस्टला एका दुकानापुढे बाइक लावली, टो केली तर केली म्हटलं, आणि टूलबॅग घेऊन रेल्वेच्या पादचारी पुलावरून चालत वेस्टला उतरलो. तिथून रिक्षा. पोचलो तेव्हा सव्वा तास उलटून गेला होता. हेल्पर पंधरा मिनिटांत पोचून तासभर जिन्यात उभा होता, कारण मशीन रूमची चावी आणि ब्रेक सोडायचा लिव्हर माझ्या बॅगेत. जाळीच्या दाराची लिफ्ट, त्यामुळे आजी दिसत होत्या. लिफ्टमनच्या स्टुलावर बसून त्यांनी मेथीची अख्खी जुडी निवडून काढली होती, जाळीतून कोणीतरी चहाही दिला होता. मला बघून म्हणाल्या, "कुठनं आलास रे बाबा, पुण्याहून का?" मरोळहून म्हणायची लाज वाटली. संध्याकाळी बाइक जागेवर सापडली, तेवढंच नशीब.

गोखले पुलाची एक बाजू २६ फेब्रुवारी २०२४ ला उघडली, तर तिची आणि शेजारच्या बर्फीवाला पुलाची उंचीच जुळेना! नवा पूल वर, जुना खाली. पुढे जुना पूल जॅक लावून उचलला, तेव्हा कुठे जुलैत दोन्ही जोडले गेले. पूर्ण पूल चालू व्हायला मे २०२५ उजाडला. म्हणजे आता अंधेरीचं बरं आहे. पण ब्रिटिशांच्या काळातले पूल एकेक करून पाडून नवे बांधायचं काम सगळ्या शहरात चालू आहे. सायनचा रस्तापूल ऑगस्ट २०२४ ला बंद झाला, प्रभादेवीचा एल्फिन्स्टन पूल सप्टेंबर २०२५ ला. काम आवश्यक आहे, त्याबद्दल वाद नाही. फक्त तुमच्या रोजच्या वाटेत असा एकच पूल असेल तर तुमचं वेळापत्रक तुमच्या हातात नाही, एवढं समजून घर घ्या.

आता मुलुंड. मावशीचं घर, जेवणाची सोय, सगळं मान्य. पण मुलुंडहून एमआयडीसी म्हणजे जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड. कांजूरमार्गच्या गांधीनगर नाक्यावरून वर चढलात की आयआयटी, पवई, मग सीप्झ, म्हणजे एमआयडीसीला लागूनचं निर्यात कंपन्यांचं आवार. पूर्व आणि पश्चिम उपनगरं जोडणारे रस्ते हातावर मोजण्याइतके, त्यातला हा मुख्य. त्याच्याच डोक्यावर मेट्रो सहाचं काम चाललंय, म्हणजे मधोमध पत्र्यांचं कुंपण. सकाळी पवई तलावाच्या कडेने गाडी सरकते तेव्हा बायका शेजारच्या गाडीत डबा उघडून नाश्ता करताना दिसतात, पुरुष दाढी करताना. मी स्वतः बघितलंय, इलेक्ट्रिक मशीनने. गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्यासाठी नॅशनल पार्कच्या पोटातून जुळे बोगदे काढताहेत, ते झाले की चित्र बदलेल, पण घरभाडं तुम्हाला आत्ता भरायचंय.

रस्ते किती वाईट, तर माझं मत जरा वेगळं आहे. मोठ्या खड्ड्यांची ओरड होते, पण मोठा खड्डा दिसतो. लोक त्यात झाडाची फांदी खोचून ठेवतात, आपण वळवून जातो. घात करतो तो जोड. अर्धा रस्ता नवा काँक्रीटचा, अर्धा जुना डांबराचा, दोघांत चार बोटांचा फरक, आणि वर पावसाचं पाणी. दोन वर्षांपूर्वी मरोळलाच माझं पुढचं चाक अशा कडेला घासत गेलं आणि मी आडवा झालो. मनगट मोडलं, प्लास्टर. तिथे कामाचा बोर्ड होता, ठेकेदाराचं नाव होतं, पण चिखलाने असं माखलेलं की वाचता येईना. रस्त्याच्या पातळीपेक्षा खाली गेलेली मॅनहोलची झाकणं, हायवेवर मधेच भरलेले आणि मग एकेक निखळणारे पेव्हर ब्लॉक, गॅस किंवा केबलवाल्यांनी खणून माती टाकून बुजवलेले चर, हे सगळं याच जातीचं. आमच्याकडे चर हा शब्द शाळेतल्या पोरालाही माहीत असतो.

डांबर का टिकत नाही, तेही साधं आहे. पाणी साचलं की ते खडी आणि डांबराच्या मधे शिरतं, पकड सुटते, वरून चाकं जातात आणि खडी उपसून बाहेर फेकतात. भर पावसात बुजवलेला खड्डा म्हणून चार दिवसांत पुन्हा तोंड उघडतो. महापालिकेकडे सुमारे २,०५० किलोमीटर रस्ते आहेत आणि आता ते काँक्रीटचे करत सुटलेत. झालेला रस्ता उत्तम असतो, खोटं कशाला बोलू. पण काँक्रीटला पूर्ण ताकद यायला २८ दिवस धरतात, आधी एक बाजू, मग दुसरी, आणि तोवर तुमच्या गल्लीत दोन्हीकडची वाहतूक एका बाजूने. बघायला गेलेल्या घराच्या गल्लीत अजून डांबर असेल तर समजा, खोदकाम यायचंय.

चांगले रस्तेही झालेत. सागरी सेतू २००९ चा, अटल सेतू जानेवारी २०२४ चा, किनारी रस्ता त्याच वर्षीच्या मार्चपासून टप्प्याटप्प्याने. गाडीवाल्याला वरळीहून मरीन ड्राइव्ह आता गाणं संपायच्या आत. फक्त दुचाकीला तिन्हीकडे बंदी. मी तीनही फक्त पॅसेंजर म्हणून पाहिलेत, जाऊ द्या.

तुमच्या उपयोगाचं काय? एमआयडीसीला मेट्रोने या. वर्सोवा-घाटकोपर मेट्रो २०१४ पासून आहे, ११.४ किलोमीटर, एकवीसेक मिनिटांत टोकापासून टोकापर्यंत. त्याआधी हाच प्रवास ३४० नंबरच्या बसने लोंबकळत व्हायचा, त्याचं वर्णन नको. कांदिवली पूर्वेला घेतलंत तर पोईसर किंवा आकुर्लीहून मेट्रो सात, गुंदवलीला उतरून जोडपुलाने वेस्टर्न एक्सप्रेस हायवे स्टेशन, तिथून चकाला किंवा मरोळ नाका. मरोळ नाक्याला भुयारी मेट्रो तीन मिळते, तिचं पुढचंच स्टेशन एमआयडीसी. गोरेगाव पश्चिमेहून मेट्रो २ए ने अंधेरी पश्चिम, चालत डी. एन. नगर, मग तीच घाटकोपरची मेट्रो, जी अंधेरीला रुळांच्या वरून निघून जाते. लाईन ओलांडायचा प्रश्नच मिटला. मुलुंडहून लोकलने घाटकोपर आणि तिथून मेट्रो. पण सकाळी घाटकोपरला जिन्यावरची गर्दी एकदा बघून या, मग मावशीला शब्द द्या.

मला विचाराल तर कांदिवली पूर्व, हायवेपासून चालत जाता येईल असं घर. मेट्रो बंद पडली तरी गाडीला लाईन ओलांडायची नाही. हायवे तुंबतो, सकाळी अख्खी मुंबई तुमच्याबरोबर दक्षिणेला निघालेली असते, पण तुंबलेला हायवे निदान सरकतो. गोरेगाव पश्चिम दुसरं, तेही मेट्रो स्टेशनजवळ असेल तरच.

गाडी पहिले सहा महिने साताऱ्यालाच राहू दे. एमआयडीसीत बऱ्याच ठिकाणी पार्किंग आधीच वाटून झालेलं असतं, आणि सोसायटीत भाडेकरूला जागा मिळेलच असं नाही, करारात लिहून घ्या. नंतर आणलीत तर ती शनिवारी गावी जायला.

आणि टोकन देण्याआधी एका कामाच्या दिवशी, सकाळी साडेआठला, घराच्या गेटपासून ऑफिसच्या गेटपर्यंत स्वतः जाऊन या. जुलै असेल तर फारच उत्तम. एजंट घर रविवारी दुपारी दाखवतात आणि म्हणतात, "बघा साहेब, वीस मिनिटांत पोचलो."