सिंहमुखी माणूस म्हणजे नरसिंह का?

प्रश्न : जर्मनीतल्या एका गुहेत मॅमथच्या (हिमयुगातल्या केसाळ हत्तीच्या) सुळ्यात कोरलेली, सिंहाच्या तोंडाची मूर्ती सापडली असं वाचलं. हा आपला नरसिंहच नव्हे का? आणि लोखंड नसताना ती कोरली कशी?
– एक वाचक, सातारा

उत्तर : जर्मनीतल्या उल्म शहराच्या संग्रहालयात तिच्यासमोर उभा राहिलो तेव्हा माझ्याही मनात आधी नरसिंहच आला. पण तसा संबंध नाही. ही मूर्ती ३५ ते ४० हजार वर्षांपूर्वीची, हिमयुगातली. तेव्हा माणूस अजून शेतीही करत नव्हता.

मी चाळीस वर्षं लाकूड कोरतो, म्हणून तुमचा दुसरा प्रश्न मला जास्त जवळचा. हत्यार म्हणजे गारेच्या दगडाची धारदार पाती. सुळ्याला कांद्यासारखे थर असतात. लाकडाची ढलपी निघते तशी इथे निघत नाही, कण कण खरवडत जावं लागतं. एका जर्मन कारागिराने तशाच दगडी हत्यारांनी प्रतिकृती करून पाहिली, तर साडेतीनशेहून जास्त तास लागले. रोज सात तास धरले तरी पन्नास दिवस! शिकारीवर जगणाऱ्या टोळीने तेवढे दिवस एका माणसाला बसू दिलं असणार, त्याच्या वाटचं मांस आणलं असणार. मला यातच कलेची किंमत दिसते.

आणि मूर्ती कोरणाऱ्याची नजर बघा. सुळा मुळाशी पोकळ असतो. ती पोकळी संपते तिथेच त्याने दोन पायांमधली फट घेतली आहे. नुसत्या सुळ्यात त्याला आधीच उभा माणूस दिसला असणार. मूर्तीची उंची जेमतेम ३१ सेंटिमीटर, पण कान टवकारलेले, जणू कुणाची हाक ऐकतोय.

१९३९ च्या ऑगस्टमध्ये होलेनश्टाइन-श्टाडेल गुहेत या मूर्तीचे तुकडे सापडले आणि आठवड्याभरात महायुद्ध पेटलं. तुकडे तीस वर्षं तसेच पडून होते. १९६९ मध्ये पुरातत्त्वज्ञ योआखिम हान यांनी दोनशेहून अधिक तुकडे जुळवले, तेव्हा कुठे मूर्ती उभी राहिली. पुढे गुहेतली जुनी माती पुन्हा चाळली, त्यात आणखी तुकडे मिळाले.

याला जगातली पहिली कलाकृती मात्र म्हणू नका. इंडोनेशियातल्या सुलावेसीच्या गुहांमधली रानडुकरांची चित्रं याहून जुनी आहेत.

उल्मला गेलात तर मूर्तीच्या डाव्या बाजूला जरूर थांबा. दंडावर सात आडव्या चिरा आहेत, ओळीने, मुद्दाम घातलेल्या.