ओढ्यातली वनस्पती टाकीत सोडण्याआधी

खानापूरकडच्या ओढ्यातून आणलेली पाणवनस्पती माशांच्या टाकीत लावायची म्हणून फोटो पाठवून तू तिचं नाव विचारलंस, पण काडीचा वरून काढलेला फोटो बघून कुणीच छातीठोक नाव सांगणार नाही. आधी एक काडी पांढऱ्या ताटलीत पाणी घालून पसरव आणि पेरं बघ.

एकेका पेराला तीन ते आठ पानांचं कडं असेल आणि पानाच्या कडेवरून बोट फिरवल्यावर बारीक दाते खरखरत असतील, तर बहुधा हायड्रिला. मुळं अजिबात नाहीत आणि पानं काट्यासारखी दुभंगलेली, तर सेराटोफायलम. तसंच दिसणारं, पण चुरडल्यावर लसणासारखा उग्र वास येणारं असेल, तर ते कारा, म्हणजे शेवाळाचाच प्रकार! मुळाशी झुबका आणि फितीसारखी लांब पानं असली तर व्हॅलिस्नेरिया. नवख्याला हीच मानवते, माझं तरी असं मत आहे.

काडी पाण्याबाहेर धरली की लुळी पडते का? पडली तर ती पाण्याखालीच वाढलेली. ताठ राहिली तर काठावरची असू शकते. तिची जुनी पानं टाकीत सडतील, घाबरू नकोस, नवा फुटवा कसा येतो तो बघ. दुकानातला ‘लकी बांबू’ मात्र पूर्ण बुडवलास की कुजणारच.

ओळख पटली तरी थेट माशांत सोडू नकोस. दोन-तीन आठवडे वेगळ्या बादलीत ठेव, गोगलगायीची चिकट अंडी पानामागून खरवडून काढ. फवारणी झालेल्या भातशेताच्या चरातलं तर आणूच नकोस. आणि हायड्रिलाची छाटणी गटारात किंवा तळ्यात फेकायची नाही हं, तुकड्यातूनही रुजते ती. उन्हात वाळव.

फुलाचा फोटो मिळाला तर बघ की, नाव पक्कं होईल.