पुडीतले रेझिस्टर

प्रश्न : काका, मी आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स शिकते. घणसोलीला मामांचं मेडिकल आहे, तिथे चोरीचा अलार्म मीच बसवणार आहे. पॅनेल, शटरचे मॅग्नेट सेन्सर, एक पीआयआर (माणसाची हालचाल टिपणारा सेन्सर) आणि हूटर आणलाय. पॅनेलबरोबर पुडीत छोटे रेझिस्टर आलेत, ते पॅनेलमध्येच लावले तर चालतील का? शिवाय दुकानात कुणी नसतानाही पीआयआरमुळे हूटर वाजतो. तो खराब असेल का? – एक वाचक, ऐरोली

उत्तर : पोरी, रेझिस्टरचं विचारलंस हे फार बरं केलंस. मी विचारलं नव्हतं. कामाला लागून वर्षही झालं नव्हतं तेव्हा नौपाड्यातल्या एका कापडदुकानात मी ते पॅनेलच्या टर्मिनलमध्येच कसून टाकले. दोन महिन्यांनी शटरच्या पट्टीखाली वायर चेपली आणि आतल्या दोन्ही तारा एकमेकींना चिकटल्या. पॅनेलवरचा दिवा हिरवाच. सकाळी शेठनी अलार्म चालू असतानाच शटर वर केलं, तरी हूटर गप्प. चोरी झाली नव्हती, पण त्या रात्री मला झोप लागली नाही.

असं का झालं ते बघ. शटर बंद असताना मॅग्नेटजवळचा रीड स्विच, म्हणजे चुंबक जवळ असला की जुळणारा छोटा स्विच, जुळलेला असतो आणि पॅनेलला लाइनवर फक्त रेझिस्टर दिसतो, समजा 4.7 किलोओहम. शटर उघडलं किंवा वायर तुटली की लाइन ओपन होते, अलार्म वाजतो. वायर शॉर्ट झाली तर शून्य ओहम दिसायला हवेत. पण रेझिस्टर पॅनेलमध्येच असेल तर पुढे शॉर्ट होऊनही 4.7 किलोच दिसणार, आणि पॅनेल सगळं ठीक आहे असं समजणार. म्हणून तो वायरीच्या पार शेवटी, सेन्सरपाशी, स्विचच्या सिरीजमध्ये, म्हणजे त्याच तारेत स्विचच्या पाठोपाठ जोड. सोल्डर कर, वर स्लीव्ह चढव. नुसता पीळ देऊन टेप गुंडाळलीस तर पावसाळ्यात सांध्यावर हिरवा गंज चढतो.

पीआयआर बहुधा चांगलाच असेल. तो उष्णतेतला बदल पकडतो. चालू केल्यावर त्याला मिनिटभर स्थिरावू दे. मेडिकलमध्ये औषधांचा फ्रिज असतोच, त्याच्या कॉम्प्रेसरची गरम हवा समोरून जात असेल तर जागा बदल. शटरच्या फटीतून ऊन येतं तिकडेही त्याचं तोंड नको. आणि पाली! लेन्सवरून चालणारी पाल त्याला माणसाएवढी वाटते. वायरीचं भोक सिलिकॉनने बंद कर, नाहीतर मुंग्या आत घर करतात. चोर त्याच्या समोरून आडवा जाईल असा कोपरा निवड. सरळ अंगावर येणारा माणूस त्याला उशिरा कळतो.

भिंतीला ड्रिल लावण्याआधी सगळं टेबलावर जोडून आठवडाभर चालव. पॅनेल 12 व्होल्टचं असेल तर 7 अँपिअर-अवरची सीलबंद बॅटरी घाल. दुकानात बसवून झाल्यावर मेनचा प्लग काढ आणि नुसत्या बॅटरीवर एकेक शटर उघडून बघ. मग सेन्सरजवळ प्रत्येक वायरीच्या दोन तारा चिमट्याने शॉर्ट कर. पॅनेलने तेही दाखवलं पाहिजे. एकही झोन, म्हणजे पॅनेलला जोडलेली सेन्सरची एखादी लाइन, गप्प राहिला तर मामांना अजून ‘झालं’ म्हणू नकोस.