बचत ५,६८८ रुपयांची, की ३७० रुपयांची?

प्रश्न : मी निपाणीचा. गाडी पेट्रोलवरची, ११९७ सीसी. चालू विमा पॉलिसीवर ३५ टक्के एनसीबी (नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत) होता. गेल्या पावसाळ्यात बंपरचा क्लेम केला, हाती २,९०० रुपये आले. आता जुनी कंपनी नूतनीकरणाला १४,६५१ रुपये मागते. कागलचे एक एजंट दुसऱ्या कंपनीत ८,९६३ रुपयांत काम करून देतो म्हणतात. कंपनी बदलली तरी एनसीबी सोबत येतो, असे त्यांचे म्हणणे. अर्जात मात्र ‘क्लेम नाही’ असे लिहायचे. त्यात धोका किती? कंपनी बदलू का?

उत्तर : नो क्लेम बोनस गाडीचा नसून विमाधारकाचा असतो, आणि कंपनी बदलली तरी तो सोबत येतो, हे एजंटांचे म्हणणे बरोबर आहे. पण क्लेमही त्याच वाटेने सोबत येतो, हे त्यांनी सांगितलेले दिसत नाही. क्लेमविना वर्षे गेली की सवलत २०, २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्के अशी चढते. ओन डॅमेजचा, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा, एक क्लेम झाला की ती शून्यावर येते. आपल्याला यंदा ४५ टक्के मिळाले असते, ते आता जुन्या कंपनीतही नाहीत आणि नव्या कंपनीतही नाहीत. (२,९०० रुपयांसाठी जुन्या कंपनीतच जीएसटीसह ४,७७९ रुपयांची सवलत गेली. क्लेम करण्याआधी हा हिशेब कुणी मांडून दाखवत नाही.)

आपण पाठवलेली दोन्ही कोटेशन्स मी शेजारी ठेवून पाहिली. थर्ड पार्टीचा (आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचे नुकसान झाल्यास लागू होणाऱ्या विम्याचा) ३,४१६ रुपयांचा हप्ता दोन्हीकडे सारखाच आहे, आणि त्यावर एनसीबी मिळतही नाही. फरक आहे तो ओन डॅमेजमध्ये : जुन्या कंपनीचे ९,००० रुपये, नव्या कंपनीचे सवलतीपूर्वी ७,६०० रुपये. या ७,६०० मधून ४५ टक्के वजा केले आहेत म्हणून रक्कम ८,९६३ दिसते. ती वजावट काढली, तर जीएसटी धरून १२,९९९ रुपये होतात. म्हणजे ५,६८८ रुपयांच्या बचतीपैकी ४,०३६ रुपये निव्वळ खोट्या माहितीचे आहेत.

उरलेल्या १,६५२ रुपयांकडेही जरा नीट पाहावे. जुन्या कंपनीने गाडीची आयडीव्ही (विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत) ४,८०,००० धरली आहे, नव्या कंपनीने ४,२०,०००. गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण निकामी झाली, तर आपल्या हाती साठ हजार रुपये कमी येतील. नव्या कंपनीच्याच दराने ४,८०,००० चा हप्ता काढला, तर खरा फरक जेमतेम ३७० रुपयांचा उरतो. महाराष्ट्रातील एजंटाकडे विमा स्वस्त पडतो असा आपल्याकडे, सीमेच्या कर्नाटक बाजूला, समज आहे, पण दराच्या दृष्टीने आपला बेळगाव आणि कागलचा कोल्हापूर हे दोन्ही जिल्हे एकाच, ‘ब’ झोनमध्ये (दरासाठी पाडलेल्या विभागात) मोडतात.

खोट्या माहितीचा धोका किती, असे आपण विचारले आहे. नवी कंपनी जुन्या कंपनीकडे एनसीबीची खातरजमा करू शकते, आणि ती बहुधा क्लेम आल्यावरच बारकाईने होते. उद्या तवंदी घाटात गाडी कठड्याला धडकली आणि दीड लाखाचे बिल आले, तर चुकीची माहिती दिली या कारणाने ओन डॅमेजचा क्लेम नाकारता येतो. त्या वेळी अर्जावर सही आपली असेल, एजंटांची नव्हे.

तेव्हा ३७० रुपयांसाठी मी कंपनी बदलणार नाही; नव्या कंपनीचे कॅशलेस गॅरेज निपाणीत आणि जुन्या कंपनीचे थेट बेळगावात असेल, तरच बदलेन, आणि तेही आयडीव्ही ४,८०,००० करून, क्लेम झाल्याचे अर्जात स्पष्ट लिहून. मुदत संपण्याआधी हे उरकावे, कारण एकदा पॉलिसी तुटली की गाडीची तपासणी करून घ्यावी लागते, आणि विम्याविना गाडी रस्त्यावर आणणे हा गुन्हा आहे. वर्षभर क्लेम झाला नाही, तर पुढच्या नूतनीकरणाच्या नोटिशीवर २० टक्के एनसीबी छापून येईल. ती नोटीस हाती घेऊन मग कागल, कोल्हापूर, बेळगाव सगळीकडे भाव विचारावा.