मुळा, कोबी, टोमॅटोवरच्या अळ्या कशा ओळखायच्या?

'तिन्हींवर हिरवट-काळ्या अळ्या आहेत, कोणत्या असतील?' असं विचारलंय. रंगावरून नाही सांगता येत. टोमॅटोतली घाटेअळी हिरवी, तपकिरी, पिवळसर, कशीही निघते. झाड कोणतं, खाल्लंय कसं, पाय किती, ते बघा.

पायांवरून आमच्या घरी महाभारत झालंय, म्हणून लिहितेय. आमचे भासरे काटोलचे, संत्र्याचे बागायतदार. अळीच्या बाबतीत शेवटचा शब्द त्यांचा. एका हिवाळ्यात आमच्या अंगणातल्या मुळ्याच्या पानांची चाळण झाली. काळपट अळ्या, हात लावला की वेटोळं करून टपकन खाली. भाऊजींनी लांबूनच पाहिलं आणि बीटीची, म्हणजे अळ्या मारणाऱ्या जिवाणूची, पावडर आणून दिली. "फवार, कोणतीही अळी मरते."

मी म्हटलं, भाऊजी, ही माशीची आहे.

"काय बोलून राहिली तू?"

मी भिंग आणलं. पुढचे टोकदार पाय सोडायचे, पोटाखालचे मांसल मोजायचे. पतंग-फुलपाखरांच्या अळीला शेवटची जोडी धरून फार तर पाच जोड्या. उंटअळीला त्याहून कमी, म्हणून ती कमान करत चालते. आमच्या मुळ्यावरचीला आठ! मोहरीवरची माशी ती, मुंगी-मधमाशीच्या गोत्रातली. नेहमीचं बीटी तिला लागू पडत नाही. भाऊजींनी चष्मा नाही म्हणून मोजलेच नाहीत. पावडर मारून झाली, अळ्या मजेत. शेवटी मीच रोज सकाळी वेचून साबणाच्या पाण्यात टाकल्या. अजून लग्नाकार्यात सांगत असतात, पावसानं औषध धुऊन गेलं. त्या आठवड्यात आभाळात ढग नव्हता.

तर तुमच्या मुळ्यावर बहुतेक हीच. कोबीवरची बारीक हिरवी अळी डिवचल्यावर वळवळत धाग्याला लोंबकळली, तर चौकोनी ठिपक्याचा पतंग. टोमॅटोला गोल भोक आणि अळी अर्धी बाहेर, तर घाटेअळी. या दोघींवर बीटी चालतं, पण त्या लहान असतानाच, आणि संध्याकाळी मारलं तर; उन्हानं त्याचा जोर जातो. फळात शिरलेली घाटेअळी फळासकट तोडूनच टाकावी लागते.

कढीपत्त्यावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी असेल तर राहू द्या, लिंबावरच्या फुलपाखराची आहे. अर्थात झाड मोठं असेल तर. संत्र्याच्या कोवळ्या कलमांची पानं तीच फस्त करते. तिथे भाऊजी फवारतात तेव्हा मी काही बोलत नाही.