जेट प्रशिक्षण विमानाचे इंजिन सुरू करताना बिघडलेला स्टार्ट कसा ओळखावा?

स्टार्टरने इंजिन फिरू लागल्यावर आरपीएमचा (इंजिनाच्या फिरण्याच्या वेगाचा) काटा स्थिरपणे चढत असल्याची खात्री करावी आणि नियमपुस्तिकेतील वेग गाठल्यावरच इंधन सोडावे. त्यानंतर नजर एक्झॉस्ट तापमानावर, म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूंच्या तापमानावर ठेवावी. काटा न रेंगाळता झपाट्याने मर्यादेकडे धावू लागला, तर तो हॉट स्टार्ट असतो, आणि टर्बाइनची पाती काही सेकंदांतच खराब होऊ शकत असल्यामुळे मर्यादा ओलांडण्याची वाट न पाहता इंधन बंद करावे. इथे संशयाचा फायदा इंजिनाला कधीही देऊ नये, असे माझे ठाम मत आहे. ज्वलन होऊनही आरपीएम आयडलच्या, म्हणजे इंजिन स्वतःच्या बळावर संथपणे चालत राहते त्या वेगाच्या, खालीच अडकला, तर तो हंग स्टार्ट. अशक्त बॅटरी हे त्याचे एक नेहमीचे कारण. तापमान हललेच नाही, तर ज्वलन झालेले नसते. अशा वेळी साचलेले इंधन निचरून, इंजिन इंधनाविना फिरवून घेतल्याशिवाय पुन्हा प्रयत्न करू नये.