पायस, इमल्शन आणि 'स्थिर करणे'

प्रश्न असा आहे : निंबोळी तेलाच्या फवारणीचं माहितीपत्रक शेतकऱ्यांसाठी मराठीत करायचं आहे. त्यात एक वाक्य असं उतरलंय, "पृष्ठसक्रियकांच्या वापराने जलाधारित पायस स्थिर करावे." हे चालेल का? पायस म्हणजे खीर ना? आणि सर्फॅक्टंट व इमल्सीफायर या दोन्हींना एकच मराठी शब्द वापरला तर बिघडेल का?

आधी खीर. पायस हा शब्द चुकलेला नाही. विज्ञानाच्या मराठी परिभाषेत इमल्शनसाठी, म्हणजे एका द्रवात न मिसळणाऱ्या दुसऱ्या द्रवाचे बारीक थेंब विखुरलेल्या मिश्रणासाठी, तोच आहे, आणि तो ज्यानं निवडला त्याला दाद द्यायला हवी. पयस् म्हणजे दूध, दुधाचं ते पायस. तिकडे इमल्शनच्या मुळाशी असलेल्या लॅटिन क्रियापदाचा अर्थही दूध काढणं असाच आहे; बदाम वाटून पाण्यात जे पांढरं दूध निघतं त्याला युरोपातले औषधं करणारे इमल्शन म्हणत. खुद्द गाईचं दूधही पाण्यात विखुरलेले स्निग्धाचे बारीक थेंबच. पण पत्रकात पायस वाचून शेतकरी खिरीकडेच वळणार. इमल्शन हा शब्द भिंतीच्या रंगामुळे गावोगाव पोचलेला आहे, तोच ठेवा. पायस पाठ्यपुस्तकात शोभतो.

आता सर्फॅक्टंट. हा इंग्रजीतलाही जुना शब्द नव्हे. 1950 च्या सुमारास 'सरफेस ॲक्टिव्ह एजंट' या तीन शब्दांची मोडतोड करून तो घडवला. पृष्ठसक्रियक हे त्याचं सरळ भाषांतर. चूक नाही, पण वाचणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही. या रेणूचं एक टोक पाण्यात रमतं, दुसरं तेलात. त्यामुळे तो दोघांच्या सीमेवर जाऊन बसतो आणि तिथला ताण उतरवतो. ताण उतरला की कमी घुसळणीत तेलाचे बारीक थेंब होतात. थेंबांभोवती या रेणूंचा थर बसला की ते एकमेकांत सहजी मिसळत नाहीत. साबणासारख्या पदार्थात हा थर विद्युतभारित असतो आणि थेंब एकमेकांना दूर लोटतात. भार नसलेल्या प्रकारांत रेणूंच्या लांब साखळ्याच मध्ये आडव्या येतात.

म्हणून एकच शब्द वापरू नका. सर्फॅक्टंट ही जात, इमल्सीफायर हे काम : इमल्शन बनवून ते टिकवण्याचं. तोच पदार्थ पानावर पाणी पसरवायला वापरला तर त्याला इमल्सीफायर म्हणणार नाही. उलट डिंकाचं पाणी तेलाचं इमल्शन चांगलं धरतं, पण डिंक रूढ अर्थानं सर्फॅक्टंट नाही. शेतीच्या दुकानात या सगळ्यावर 'स्टिकर' एवढा एकच शब्द चालतो. नाव चिकटवण्याचं असलं तरी त्या बाटल्यांतल्या बऱ्याचशा मालाचं काम पसरवण्याचं असतं. पत्रकात "स्टिकर घाला" असं लिहिलंत, तर माणूस पसरवणारं औषध आणेल आणि तेल टाकीत वरच राहण्याची शक्यता आहे. कीटकनाशकांच्या मराठी शिफारशींत 'ईसी'ला (इमल्सिफायेबल कॉन्सन्ट्रेट, पाण्यात घालून इमल्शन करायचं दाट औषध) "प्रवाही" म्हणतात, तिथेही असंच झालंय : बाटलीत तेलकट द्रावणासोबत इमल्सीफायर आधीच घातलेला असतो, म्हणून ते पाण्यात पडताच दुधाळ होतं, आणि ही सगळी गोष्ट "प्रवाही"त गडप होते.

'जलाधारित'चा मला राग येतो. पाण्याचा आधार वगैरे काही नाही, कोण कोणात आहे एवढंच सांगायचंय. मराठीत सप्तमी असताना विशेषण कशाला? पाण्यातलं तेल, किंवा तेलातलं पाणी. दूध पहिल्या प्रकारचं, लोणी दुसऱ्या. कोणता प्रकार होणार हे बरंचसं इमल्सीफायर ठरवतो : तो ज्यात जास्त विरघळतो तो द्रव बाहेरचा होतो. बॅनक्रॉफ्ट या रसायनशास्त्रज्ञाचा हा नियम शंभराहून अधिक वर्षं जुना आहे. पुढे 1949 मध्ये ग्रिफिन या रसायनशास्त्रज्ञानं त्यासाठी एचएलबी नावाची अंकपट्टी मांडली : पदार्थाचा ओढा पाण्याकडे जितका जास्त, तितका आकडा मोठा. ढोबळमानानं 3 ते 6 आकड्याचे पदार्थ तेलात पाणी धरतात, 8 ते 18 चे पाण्यात तेल. पॉलिसॉर्बेट 80 या इमल्सीफायरचा आकडा 15 आहे, म्हणून तो फवारणीच्या तेलाला चालतो.

पण माझी खरी हरकत 'स्थिर करावे'ला आहे. सूक्ष्म-इमल्शनचा (अतिबारीक थेंबांचं, आपोआप होणारं मिश्रण) अपवाद सोडला तर इमल्शन स्थिर नसतंच. तेल आणि पाणी आज ना उद्या वेगळे होणार. सर्फॅक्टंट फक्त ते लांबवतो. तेव्हा इमल्शन 'टिकतं' म्हणा. मराठीत ते बिघडण्याच्या पायऱ्यांनाही शब्द तयार आहेत. थेंब वर येऊन गोळा झाले तर साय धरली. ती ढवळली की पुन्हा मिसळते. थेंब एकमेकांत विरून तेल मोकळं झालं तर तवंग आला. मग नुसतं ढवळून काम भागत नाही. साय आणि तवंग हा फरक पत्रकात जरूर द्या, शेतकऱ्याला टाकीत डोकावून तो दिसतो.

मी ते वाक्य असं करीन : "तेलात आधी इमल्सीफायर घालून चांगलं घोटा. मग थोडं थोडं पाणी घालत ढवळा. पाणी दुधासारखं पांढरं व्हायला हवं. वर तेलाचा तवंग दिसला तर फवारू नका. मिश्रण लगेच वापरा, मधून मधून ढवळत राहा."

इमल्सीफायरऐवजी साबण सुचवणार असाल तर आणखी एक ओळ लागेल. बोअरचं पाणी जड असेल तर त्यातलं कॅल्शियम साबणाला धरतं, पांढरा साका होतो आणि तेल सुटतं. पुस्तकात अशा पाण्याला दुष्फेन म्हणतात, फेस न येणारं. शब्द छान आहे, पण पत्रकात "जड पाणी" असंच लिहा.